स्टिकर झालेली मुलगी

समुपदेशक हा शब्द कुणी घरात वापरत असेल असं मला वाटत नाही. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत शेजारणीला सांगायच्या, "आमची नलिनी शाळेत पोरांशी बोलते." त्यावर शेजारीण विचारायची, "मग शिकवतं कोण?" एवढी वर्षं नोकरी केली, पण माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला कुणी ऐकवलेलं नाही. पोरांशी बोलणे. त्यासाठी शाळेनं मला एक खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीवर लावायला सूर्योदयाचं चित्र दिलं होतं.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला की मुलांमधल्या सायबर छळावर लिहा, पण सणाचा अंक आहे, तेव्हा काहीतरी सकारात्मक येऊ द्या. मुलं मोबाइलवर एकमेकांचा जीव कसा खातात ते लोकांनी चकलीबरोबर वाचावं आणि त्यांना चकलीच जास्त आठवावी, अशी अपेक्षा दिसते. प्रयत्न करते.

राहायला मी कानडी मुलखात, राजाजीनगरात. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणा सरदाराच्या फौजेमागून इथे आले आणि परत जायचं विसरले. त्यामुळे आमचं कानडी मिसळलेलं मराठी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना फार गमतीचं वाटतं. ऐकून ते आधी "किती गोड" म्हणतात आणि मग आमच्याशी जरा सावकाश आणि मोठ्यानं बोलू लागतात. या लेखातलं मराठी शुद्ध वाटलं तर श्रेय मुद्रितशोधकाला द्यावं. नोकरी मात्र सर्जापूर रोडवर, म्हणजे एकाच गावात राहून रोज परगावी जाण्याचा प्रकार. शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' होतं आणि मुलं बहुतेक समोरच्या अपार्टमेंटांतली होती.

माझी खोली आजारी मुलांच्या खोलीला लागून. दुसरीकडे जागा नाही म्हणून शाळेनं 'हरवले-सापडले'ची पेटीही माझ्याकडेच आणून ठेवली. पाण्याच्या बाटल्या, जोडीतला एकच मोजा, डब्यांची झाकणं. मी सुरुवातीला पुष्कळ तक्रारी केल्या. मानसशास्त्राची पदवी घेऊन लोकांचे मोजे सांभाळायचे म्हणजे काय. मग लक्षात आलं की समुपदेशकाच्या खोलीत शिरताना कुणी पाहिलं तर त्या मुलाची वर्गात शोभा होते, पण बाटली शोधायला जाणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. तेव्हापासून पेटी हलवायची भाषा निघाली की मीच आडवी यायची. मुलं यायची, पेटीत हात घालून उगाच उलथापालथ करायची आणि माझ्याकडे पाठ करून बोलायची. तोंड दिसत नसलं की मुलं बरंच खरं बोलतात.

हा छळ म्हणजे नक्की काय, ते ज्यांच्या घरात आता शाळकरी मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या लहानपणी चिडवाचिडवी नव्हती असं नाही. मलाही शाळेत एक नाव होतं, ते इथे छापणार नाही. पण संध्याकाळची घंटा झाली की ते नाव शाळेतच राहायचं, आमच्या बसमध्ये चढायचं नाही. आता ते दप्तरात बसून घरी येतं, ताटाशी बसतं, पांघरुणात शिरतं. त्यातून पूर्वी चिडवणारे दिसायचे आणि बघणारेही दिसायचे. आता बघणारा आपल्या घरी बसून बघतो, हसण्याचं एक चिन्ह दाबतो आणि भाजी निवडायला घेतो. आपण कुणाला काही केलं असं त्याच्या मनातही येत नाही. म्हणून असं मूल माझ्याकडे आलं की "कुणी केलं?" हा प्रश्न मी शेवटी विचारायची. आधी विचारायची, "कुणाकुणी बघितलं?" डोळ्यांत पाणी या बघणाऱ्यांच्या प्रश्नाला यायचं. 'कुणी केलं'चं उत्तर बहुधा सगळ्या वर्गाला पाठ असायचं.

यावर पालकांचा उपाय ठरलेला. ज्या मुलाला त्रास झाला त्याचा मोबाइल काढून घ्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी एकदा फसतो. पुढच्या वेळी काही झालं तर तो घरात तोंड उघडत नाही, आणि आईबाप मला येऊन सांगतात की आता सगळं छान चाललंय, मोबाइल काढून घेतल्याचा किती फायदा झाला बघा.

शाळेचा उपाय म्हणजे सप्ताह. सायबर सुरक्षा सप्ताह. सोमवारी शपथ, बुधवारी व्याख्यान, शुक्रवारी चित्रांची स्पर्धा. एका वर्षी पहिलं बक्षीस नववीतल्या एका मुलीनं पटकावलं. भल्यामोठ्या डोळ्यातून मोबाइल बाहेर पडतोय, त्याला साखळ्या, आणि खाली घोषवाक्य, 'बटण दाबण्यापूर्वी विचार करा'. परीक्षकांना गहिवरून आलं. पंधरवडाही लोटला नसेल, उघडकीला आलं की वर्गातल्या मुलींच्या रंगावर, वजनावर आणि ओठावरच्या लवीवर रोज शेरे मारणारं निनावी पान तीच चालवत होती. मग प्रमाणपत्र परत घ्यावं की नाही यावर बैठक झाली. मी म्हटलं, राहू द्या, अनुभवातून आलेलं चित्र आहे. माझं हे मत इतिवृत्तात घेतलं गेलं नाही.

पण मला सांगायचंय ते मैथिलीविषयी.

मैथिली जाधव आठवीत होती. तिचे लोक आमच्यासारखेच जुने, गावाच्या दुसऱ्या टोकाला येलहंक्याचे. वडील विमा कचेरीत, आई सविताबाई एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतिकेच्या जागेवर. मुलीला मोठी शाळा मिळावी म्हणून येलहंक्याचं स्वतःचं घर सोडून ते सर्जापूर रोडवरच्या एका अपार्टमेंटात भाड्यानं राहायला आले होते. तिथल्या मराठी मंडळींनी, म्हणजे पुण्या-मुंबईकडून नोकरीसाठी आलेल्यांनी, गणपती बसवला. कार्यक्रमाचं निवेदन त्यांनी मैथिलीला दिलं, कारण समितीत ठराव झाला होता की स्थानिकांनाही सामावून घ्यायचं. तीन-साडेतीनशे वर्षं इथे राहिलेल्यांना दोन वर्षांपूर्वी आलेल्यांनी मोठ्या मनानं सामावून घेतलं.

मैथिली स्टेजवर गेली आणि घरात बोलतात तसं मराठी बोलली. पुढच्या रांगा हसल्या. वाईट मनानं नाही हो, अगदी कौतुकानं हसल्या. 'किती गोड'वालं हसणं. पण तेरा वर्षांच्या मुलीला हसण्याचे प्रकार कळत नाहीत. ती अडखळली, लोक आणखी हसले, आणि मग ती माइकसमोर तोंड उघडं टाकून रडायला लागली. सगळ्यांचे मोबाइल आधीच वर होते, कारण हल्ली कार्यक्रम कुणी डोळ्यांनी बघत नाही. सविताबाई तेव्हा मागे प्रसादाच्या द्रोणांत शिरा भरत होत्या. त्यांना कळलं ते एवढंच की पोरगी घाबरली आणि खाली उतरली.

तिच्याच वर्गात, तिच्याच इमारतीत राहणाऱ्या ईशान पाटणकर नावाच्या मुलानं त्या रडण्याचं स्टिकर बनवलं. स्टिकर म्हणजे बोलायच्या ऐवजी पाठवायचं बोटभर चित्र. चेहरा कापून घ्यायचा, तोंड ताणून आणखी मोठं करायचं, डोळ्यांवरून जाड निळ्या धारा सोडायच्या, झालं. खाली नाव नाही, शिवी नाही, एक शब्द नाही. उद्या चाचणी आहे असं कुणी कळवलं की वर्गाच्या ग्रुपवर ते चित्र पडायचं. खेळाचा तास रद्द झाला की पडायचं. वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं की ही कोण. म्हणून तर मजा होती.

इथवर ही मुलांची गोष्ट होती. मग मुलांनी आईचा मोबाइल घेतला, आईच्या मोबाइलवर ते चित्र गेलं, आईला वाटलं कुठलंतरी कार्टून आहे, आणि आईनं ते पुढे ढकललं. महिन्याभरात सर्जापूर रोडच्या त्या पट्ट्यात पाण्याचा टँकर आला नाही की मैथिली रडायची, कामवाली आली नाही की मैथिली रडायची, कुणाच्या कंपनीचा सर्व्हर बसला की मैथिली रडायची. या लोकांनी दुष्टपणानं पाठवलं असं मी मुळीच म्हणणार नाही. दुष्टपणाला निदान बघावं लागतं. स्टिकर कुणी बघत नाही, अंगठ्याला त्याची जागा पाठ होते आणि अंगठा पाठवतो.

एका दुपारी मैथिली माझ्या खोलीत आली आणि पाण्याची बाटली हरवलीय म्हणाली. बाटली तिच्या हातात होती. मी म्हटलं, शोध सावकाश.

"मॅम, तुम्ही आमच्यासारखंच मराठी बोलता," ती पेटीत वाकून म्हणाली.

"मग. राजाजीनगरची आहे मी. तुझ्या अज्जीला विचारलंस तर ओळख निघेल कुठेतरी."

"तुम्हाला कुणी हसत नाही?"

"हसतात की. मग मी स्वल्प जास्तच बोलते."

तिला याचं हसू आलं नाही. शाळेत मोबाइलला सक्त बंदी होती, म्हणजे तो प्रत्येकाकडे असायचा. तिनं आपला काढून माझ्यासमोर धरला. चित्रातली मुलगी ओळखायला मला एक क्षण लागला, आणि ती तर समोर उभी होती. मग तिनं सगळं सांगितलं. वर्गाचं ती अगदी कोरड्या आवाजात बोलली. तो असं करतो, ती तसं करते, ईशाननं केलंय हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी काही म्हणत नाही. मी विचारलं, "आणखी कुणी बघितलं?" तिनं पेटीतलं एक झाकण उचललं, परत ठेवलं.

"रविवारी सिलिंडर आला नाही," ती म्हणाली. "आईनं आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं की सिलिंडर नाही, आज स्वयंपाक नाही. आणि खाली हे टाकलं. येलहंक्याला अज्जीला गेलं, काकाला गेलं, सगळ्यांना गेलं. मी तिच्या बाजूलाच बसले होते, मॅम. टाकल्यावर तिनं मलाच दाखवलं. बघ कसं तोंड आहे म्हणाली." मग म्हणाली, "तिनं मला ओळखलं नाही."

अशा वेळी काय बोलावं हे शिकवणाऱ्या कार्यशाळांची प्रमाणपत्रं माझ्यामागे भिंतीवर ओळीनं लावलेली होती. मी पेटी तिच्याकडे जरा सरकवली.

"आईला सांगू नका," मैथिली म्हणाली. "ती रडेल. मग मलाच तिला समजवायला लागेल."

"सरी, ठीक आहे. तुला विचारल्याशिवाय नाही सांगणार."

आमच्या धंद्यात शब्द एवढंच भांडवल. मुलाच्या जिवाला धोका असेल तर तो मोडायचा, आणि तसं आधीच सांगून ठेवायचं, एरवी नाही. मैथिलीच्या जिवाला धोका नव्हता. तिचं एवढंच झालं होतं की ती डबा तसाच परत नेत होती, सकाळी पोट दुखतं म्हणत होती, वडिलांच्या मागे लागली होती की मला येलहंक्याला अज्जीकडे ठेवा, तिथल्या शाळेत घाला. आणि आईशी 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हती. सविताबाईंना वाटत होतं मुलगी मोठी होतेय. वर्गातल्यांची मला फारशी काळजी नव्हती, वर्ग बदलता येतो. मला भीती होती की ही पोरगी आईपासून कायमची एक पाऊल मागे सरकेल, आणि आईला कधी कळणारही नाही की नेमकं काय झालं होतं.

त्याच आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकेला वर्गाच्या ग्रुपवर ते स्टिकर दिसलं आणि शाळेची यंत्रणा जागी झाली. प्रिन्सिपल मॅडमनी स्वतः सविताबाईंना फोन केला की तुमच्या मुलीच्या छायाचित्राचा मोबाइलवर गैरवापर झालेला आहे, आम्ही हे अत्यंत गंभीरपणे घेत आहोत. काय छायाचित्र आहे असं त्या बिचारीनं विचारलं, तेव्हा गोपनीयतेच्या धोरणामुळे ते दाखवता येणार नाही असं सांगण्यात आलं. सगळ्या सर्जापूर रोडनं बघितलेलं चित्र फक्त मुलीच्या आईपासून गोपनीय राहिलं.

सविताबाई तडक माझ्याकडे आल्या. डोळे लाल.

"अक्का, तुम्ही आमच्यातल्या म्हणून सांगते. ज्यानं ज्यानं ते पाठवलंय ना, एकेकाला शाळेतनं काढायला पाहिजे. शिकले-सवरलेले लोक, आणि दुसऱ्याच्या लेकराचा फोटो असा वाटत सुटायचं? त्यांच्या आयांना काही माणुसकी?"

"तुम्ही बघितलंत का चित्र?"

"दाखवत नाहीत ना. आणि दाखवलं तरी मला बघवणार नाही."

मी त्यांना पाणी दिलं. माझ्या नोकरीत पाणी फार द्यावं लागतं. शब्द दिलेला होता, दुसरं काही देण्यासारखं जवळ नव्हतं.

सायबर छळविरोधी समितीची बैठक ठरली, सविताबाईंनाही बोलावलं. समितीच्या ग्रुपवर मी कळवलं, 'मैथिली जाधव प्रकरणी उद्या बैठक, सर्वांनी वेळेवर यावे.' त्यावर 'बापरे, आणखी एक बैठक' अशा अर्थानं प्रिन्सिपल मॅडमनी एक स्टिकर टाकलं. उघडं तोंड, निळ्या धारा. मॅडम रोज अशा कितीतरी गोष्टी पाठवायच्या, त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या खाली पाटणकरांनी अंगठा दाखवला.

हे पाटणकर म्हणजे ईशानचे वडील आणि समितीवरचे पालक प्रतिनिधी. त्यांना घेण्याचं कारण ते सायबर सुरक्षेतले मोठे तज्ज्ञ होते. परदेशातल्या बँकांच्या तिजोऱ्यांवर ते इथे बसून पहारा देत. घरातल्या पोराच्या टॅबवर पहारा देणं त्यांच्या कामात बसत नव्हतं. बैठकीआधी ते मला भेटून गेले.

"मॅम, टेक्निकली बोलायचं तर ओरिजिन ट्रेस करणं ऑलमोस्ट इम्पॉसिबल आहे. सगळं एन्क्रिप्टेड असतं. आय मीन, कुणा एका मुलाला ब्लेम करण्यात पॉइंट नाही."

आठवीच्या वर्गानं हे ओरिजिन त्या गणपतीची आरती संपायच्या आत शोधलं होतं, पण त्यांच्यात तज्ज्ञ कुणी नव्हतं. मी म्हटलं, या बैठकीला, बघू.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मैथिलीला बोलावलं आणि माझ्या मनात काय आहे ते सांगितलं. "उद्या मी सगळ्यांना आपापला मोबाइल उघडायला सांगणार. कुणाचं नाव घेणार नाही, तुझ्या आईचं तर नाहीच. ती बघेल, किंवा तिला कळणारही नाही. तू नको म्हणालीस तर हे करणार नाही."

ती बराच वेळ बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिली.

"मी पण तिथे पाहिजे," ती म्हणाली. "ती एकटी असताना नको."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे सकारात्मक मजकूर शोधत संपादकांना शेवटपर्यंत यावं लागणार नाही. शाळेनं स्टिकरबंदीचं परिपत्रक काढलं. ते पालकांनी वाचलं आणि खाली टाळ्यांची स्टिकरं टाकली. ईशानला सुधारण्यासाठी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सायबर सुरक्षेवर भाषण करायला लावलं. मुलगा हुशार, वडिलांच्या स्लाइड वापरून असं बोलला की टाळ्या थांबेनात, आणि पुढच्या वर्षी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत शाळेनं त्यालाच पाठवलं. एक गोष्ट मात्र त्यानं कुणी न सांगता केली. शाळेच्या बसथांब्यावर आसपास कुणी नसताना तो मैथिलीजवळ गेला आणि "चुकलं माझं" म्हणाला. ती "सरी" म्हणाली. हे मला तिनं सांगितलं, समितीला आजतागायत माहीत नाही. मैथिली येलहंक्याला गेली नाही. तिनं तुकडी बदलून मागितली, ती मिळाली, आणि डबा रिकामा परत जाऊ लागला. ते चित्र अजून कुठे कुठे फिरत असेल. त्याला माझ्याकडे औषध नव्हतं, कुणाकडेच नाही. आणि ज्या मुलांना पेटीत हात घालायलाही माझ्या खोलीपर्यंत येववलं नाही, त्यांची आठवण मला आता रिकाम्या दुपारी येते. त्याचं वाईट वाटतं, फार वाईट वाटतं.

तर ती बैठक. प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत, बिस्किटांच्या बशीभोवती आम्ही बसलो. मी मैथिलीला घेऊन गेले. मॅडम इंग्रजीतून म्हणाल्या की बालसंरक्षण धोरणानुसार मुलीनं इथे असणं योग्य नाही. मी म्हटलं, ती तिच्या मर्जीनं आली आहे, माझ्या शेजारी बसेल. धोरणात मर्जीविषयी काही लिहिलेलं नसल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. पाटणकरांनी लॅपटॉप उघडून 'शून्य सहनशीलता' नावाची स्लाइड लावली. सविताबाई त्या स्लाइडकडे बघून मान हलवत होत्या.

"शून्यच पाहिजे," त्या म्हणाल्या. "लहान मोठं काही बघू नका. पाठवलं म्हणजे पाठवलं. सगळ्यांना सारखी शिक्षा."

"शिक्षेआधी एक करू या," मी म्हटलं. "सगळ्यांनी आपापला मोबाइल उघडायचा आणि अलीकडे पाठवलेली स्टिकरं बघायची. कुणी कुणाला दाखवायचं नाही."

"ही काही ॲक्टिव्हिटी आहे का?" मॅडमनी विचारलं. मी हो म्हटलं. ॲक्टिव्हिटी म्हटलं की त्यांना सगळं पटायचं.

त्या स्टिकरची प्रत मॅडमकडे शाळेच्या चौकशीसाठी आलेली होतीच, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. त्यांनी मोबाइल बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि बशीतलं बिस्किट उचलून तसंच हातात धरून बसल्या. पाटणकर आधी भराभर अंगठा फिरवत होते. मग अंगठा थांबला. त्यांच्या ऑफिसच्या ग्रुपवरून ते चित्र बहुतेक परदेशातल्या बँकांपर्यंत पोचलेलं असणार. त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

सविताबाई तेवढ्या निवांत होत्या. "माझ्याकडे काय असणार, अक्का. देवाची चित्रं पाठवते मी, आणि ही असली कसली कसली हसायची." त्या एकेक वर सरकवत होत्या. गणपती, चहाचा कप, फुलं, निळ्या धारा, पुन्हा फुलं. काय शोधायचं तेच त्यांना माहीत नव्हतं, कारण शाळेनं ते त्यांच्यापासून जपून ठेवलं होतं.

मैथिली माझ्या शेजारून उठली. आईच्या खुर्चीमागे जाऊन तिनं हात पुढे केला, आईचा अंगठा थांबवला, चित्रं दोन ओळी खाली आणली आणि एकावर बोट ठेवलं.

"हे," ती म्हणाली.

"हे काय?"

"हे मी आहे, आई."

सविताबाई हसल्या. मग चित्राकडे बघितलं, मग मागे वळून मुलीकडे, आणि पुन्हा चित्राकडे. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं.

"पण हे तर मी..."

"सिलिंडर आला नव्हता तेव्हा," मैथिली म्हणाली. आवाजात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर सविताबाईंना सोपं गेलं असतं.

पाटणकरांनी "टेक्निकली" एवढं म्हणून तोंड मिटलं. सविताबाईंचे डोळे भरून आले. त्या घाईघाईनं ते चित्र काढून टाकायला गेल्या. मैथिलीनं त्यांचं मनगट धरलं.

"रडू नको. काढू पण नको," ती म्हणाली. "आधी बघ."

सविताबाईंनी ओढणीनं डोळे पुसले आणि दोन बोटांनी चित्र मोठं करायला गेल्या. स्टिकर मोठं होत नाही. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग मोबाइल अगदी चेहऱ्याजवळ नेला आणि मुलगी मागे उभी असेपर्यंत त्या त्याकडे बघत राहिल्या.